आईला सांगायचं शहर

कार्तिकातली पहाट होती. धुक्याचं ओलं मलमल खिडकीच्या गजांवर वाळत पडलं होतं. उजेड अजून उजेड झाला नव्हता. कुणाच्या तरी मनात नुकताच आलेला दुधी विचार होता नुसता. सारी खोली, सारं अतिथिगृह, सारी ती अनोळखी गल्ली झोपेच्या तळाशी शेवाळासारखी निश्चल पडलेली. आणि त्या अथांग शांततेत चिवड्याच्या डब्याचं झाकण शेफालीच्या हातून निसटलं. फरशीवर गोल गोल नाचलं, झणाणलं, रेंगाळलं, आणि मग एका कडेला कलून निजलं.

"भूकंप झाला का वं?" चादरीच्या आतून श्रीरंगचा, तिच्या नवऱ्याचा, आवाज आला.

"झोप तू. काही नाही झालं."

पाच वर्षांची जुई कुशीवर वळली, ओठांनी हवेतलंच काहीतरी चोखलं, आणि पुन्हा आपल्या स्वप्नात उतरली.

शेफालीला ही वेळ हवी होती. घरी असो की परगावी, मूल उठण्याआधीचा, चहा मागितला जाण्याआधीचा हा चोरटा प्रहर तेवढा तिचा. त्या प्रहरात तिला हे शहर एकटीनं पाहायचं होतं. प्रवासी पाहतात तसं नव्हे. लहानपणी हरवलेल्या मावशीला पाहावं तसं. काल रात्री उशिरा गाडीतून उतरताना सगळा अंधार नि हमालांची हाकाटी होती. आज पहिली भेट.

तिनं खिडकीची कडी काढली.

समोर भिंत होती. ओल धरलेली, पोपडे सुटलेली, रंग विसरलेली भिंत. तिच्यावर एसीची काळवंडलेली खोकी रांगेनं टांगलेली, आणि त्यांतल्या एकाखाली, ठिबकत्या पाण्यात, एक कबूतर मान अंगात घालून बसलेलं.

पाट्यांवर कोलकाता लिहिलेलं होतं. तिच्या जिभेवर मात्र कलकत्ताच होतं. आईनं ठेवलेलं.

आईनं! कारंज्याच्या त्या पत्र्याच्या घरात, रणरणत्या दुपारी, आई तांदूळ निवडत बसे. सुपात तांदूळ, मांडीशी पुस्तक. एक हात खडे वेचायचा, दुसरा पानं उलटायचा, आणि आवाज मात्र दोन्ही हातांना सोडून दूर, पूर्वेकडे, निघून गेलेला असायचा. गावातल्या वाचनालयातली, तपकिरी कागदाच्या वेष्टनातली, बंगालीतून मराठीत आलेली ती पुस्तकं. ज्या भाषेचा एक शब्द येत नव्हता, तिच्यातल्या दुःखांवर आईनं आयुष्यभर मराठीत रडून घेतलं. लेकीचं नावसुद्धा तिथूनच आणलं. शेफाली म्हणजे पारिजातक, ती सगळ्यांना सांगे. गल्लीनं त्याचं शेपू केलं. "काय शेपूबाई, जुडी कशी दिली?" पोरं विचारायची, आणि आई दारात येऊन म्हणायची, "गाढवांनो, फूल आहे ते, फूल!"

बाहेर ऊन भाजून काढायचं, आणि घरात नदी वाहायची. नील-सजला, मंद-गामिनी, दीप-धारिणी नदी. तिच्या काठावर कमलनयना बायका आळत्यानं रंगलेली पावलं उचलत पायऱ्या उतरायच्या. छोटी शेफाली पालथी पडून ऐकायची आणि आई थांबली की म्हणायची, "मग?"

आता आईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. आधी अक्षरं गेली, मग चेहरे गेले, मग दिवा आणि दिवस यांतला फरक तेवढा राहिला. दिवाळीच्या सुट्टीत कलकत्त्याला जायचं ठरलं, तेव्हा आईनं लेकीचा हात चाचपून धरला होता.

"फोटो नको पाठवू, बाप्पा. मला आता फोटो काय अन् भिंत काय, सारखंच. तू बघ. डोळे भरून बघ. आणि संध्याकाळी फोन कर नि मला सांग. सगळं सांगशील न?"

"सांगीन न."

एवढ्या एका शब्दावर ती चारशे कोसांवर आली होती. दिवसभर पाहायचं, तिन्हीसांजेला सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुढं पुरीला नेणार होती. आज, आणि आजच.

*

दिवसभर ती आईचं शहर शोधत हिंडली. पुढं ती, मागं श्रीरंग, त्याच्या खांद्यावर जुई.

नगरीचा सण होऊन गेला होता. चौकाचौकांत मांडवांचे सांगाडे उभे. वस्त्रं उतरलेली, झुंबरं उतरलेली, नुसते बांबू आणि बांबूंच्या सावल्या. गाठी सोडणारी माणसं वर बसून विड्या ओढत होती. पाहुणे निघून गेल्यावर लग्नघरात पोचलेल्या माणसासारखी ती त्या सांगाड्यांखालून चालली.

घंटा किणकिणवत, वृद्ध राजहंसासारखी डुलत येणारी ट्राम तिनं आईच्या आवाजात कितीदा ऐकली होती! एका वळणावर तिला रूळ दिसले. दोन चंदेरी रेघा. थोडं अंतर त्या तिच्यासोबत चालल्या, मग डांबरात पावलं बुडवत बुडवत गेल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

"भैया, ट्राम कब आएगी?"

"इधर?" पानवाला कात लावता लावता हसला. "इधर तो कब की बंद हो गई, दीदी."

उत्तरेकडच्या एका बोळात तिला आईच्या पुस्तकांतलं ते घर सापडलं. तेच! उंच खांब, हिरव्या पट्ट्यांच्या खिडक्या, मधोमध उन्हाचं चौकोनी तळं झालेलं अंगण. तिचं काळीज पाखरासारखं उडून आत गेलं, आणि तिचं शरीर दारातच अडलं. पहारेकऱ्यानं हात आडवा धरला होता. ऑर्डर देणार असाल तरच आत, मॅडम. आत, जिथं देवीची आरती व्हायची, तिथं खुर्च्या होत्या. भिंतीवर गुलाबी विजेची अक्षरं लुकलुकत होती, आणि तरुण मुलंमुली आपापल्या कॉफीचे फोटो काढत होती.

मिठाईच्या दुकानापाशी लाल काठाची शुभ्र साडी दिसली. केस मोकळे, भाळावर सूर्यबिंबासारखं कुंकू. शेफाली धावली, अक्षरशः धावली. ती मुलगी हात जोडून, मान झुकवून, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होती. दुकानानं त्यासाठीच उभी केलेली. काठाखालून पायांत करकचून बांधलेले पांढरे बूट दिसत होते. दिवसभर उभं राहायचं म्हणजे बूटच हवेत, हे शेफालीला कळत होतं. कळत होतं, तरी तिची नजर त्या बुटांवरून आळत्याचा लाल रंग शोधत राहिली.

जुईला मात्र काहीच कमी पडत नव्हतं. तिला एक शेळी भेटली, एक पिवळी मोटार भेटली, कागदाच्या पुडीत मोहरीच्या तेलाचे झणझणीत मुरमुरे भेटले. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि तरी हात पुन्हा पुडीत. तिला कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं. तिच्यासाठी हे शहर होतं तेवढंच होतं, आणि तेवढं पुष्कळ होतं.

*

दिवस कलला, आणि ती घाटावर आली.

आभाळ केशराचं होतं, पाणी काढ्याचं. झेंडूच्या कुजक्या माळा, प्लास्टिकच्या पिशव्या, तेलाचे इंद्रधनुषी डाग, सारं हलकेच वर-खाली होत होतं, जणू नदी झोपेत कण्हत होती. शेवटच्या पायरीला एक मूर्ती अडकली होती. माती विरघळून गेलेली. रंग गेला, डोळे गेले, दागिने गेले. पेंढ्याचे दहा हात तेवढे पाण्यावर पसरलेले.

"बाबा, हे कोण?"

"देवी होती, बेटा. आता पेंढा आहे." मग नदीकडे पाहत, आपल्या नेहमीच्या खोडकर सुरात, श्रीरंग शेफालीला म्हणाला, "हीच का तुमच्या आईंची गंगा? यापेक्षा आपली अडाण नदी बरी. निदान उन्हाळ्यात आटून लाज तरी राखते."

ती हसली नाही. ती नावाड्याकडे बघत होती. नावाडी! भाटियाळी आळवणारा, विरहकंठी, जलचारी नावाडी! तो नावेत मांडी घालून मोबाईलवर क्रिकेट पाहत होता.

"काका, गान... गान जानेन?" आईच्या पुस्तकांतून उचललेले, पदरात बांधून आणलेले, गाणं येतं का विचारणारे ते तीन शब्द तिनं पुढं केले.

"पहले लाइफ जॅकेट पहनिए, मॅडम," तो मान वर न करता म्हणाला.

श्रीरंगला हसू आलं, आणि बायकोचा चेहरा पाहून ते लगेच विझलं. तो जवळ आला. "शेफा, मनाला लावून घेऊ नको. शहरं अशीच असतात. आईंना खरं काय ते सांगून टाक. का मी सांगू?"

"नको. तुझ्याकडून दोन वाक्यांत संपेल."

"संपेल खरं," तो म्हणाला, आणि चहा आणायला वर गेला. तिला एकटं सोडायचं, एवढं त्याला कळत होतं.

ती पायरीवर बसली. दमलेल्या जुईनं मांडीवर डोकं टाकलं, डोळे मिटले. आणि फोन वाजला. तिनं लावायच्या आधीच.

"हं, सांग," आई म्हणाली. "पंखा बंद केला मी. मधेमधे करतो मेला. पाय धुऊन बसली आहे. सांग न."

शेफालीच्या ओठांवर खरं शहर आलं. भिंत, डांबर, बूट, पेंढा. चार शब्द, फार तर पाच. ती बोलणार, तोच फोनमधून तिला आईचा श्वास ऐकू आला. अंधाऱ्या घरात, बंद पंख्याखाली, पोथीला बसल्यागत बसलेल्या बाईचा श्वास. सत्तर वर्षांचा, आणि तरी पालथं पडून ऐकणाऱ्या मुलीचा.

"आई," ती म्हणाली, "अगं, नदी आहे ना..."

"हं?"

"निळी आहे. पण दिवसाची निळी नाही. जांभळाच्या सालीसारखी, आतून निळी. आणि आता त्यावर दिवे सोडलेत बायांनी. एक दिवा, मग एक दिवा, मग एक दिवा. जणू कुणी अंधाराला टाके घालतंय."

"मग?"

"मग पायऱ्या आहेत. त्यांवर पावलं आहेत, आई. लाल. ओली. बाया वर गेल्या, पावलं राहिली. मी त्यांवर पाय ठेवत ठेवत खाली आले."

"मग?"

"मग ते घर. अंगणात ऊन साठलेलं. मी दारात उभी राहिले, तर आतून कुणीतरी म्हणालं, ये गं, बाहेर का उभी? नावेत एक म्हातारा आहे. गातो. शब्द कळत नाहीत, पण सूर असा येतो, पाण्यावरून, भिजत भिजत..."

तिला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला. तो आईचा होता. आई थांबायची तिथं थांबत होता, आई हळू व्हायची तिथं हळू होत होता. तिच्या मिटल्या पापण्यांमागे नदी खरोखर निळी होत चालली होती, पेंढ्याच्या दहा हातांवर माती चढत होती, मातीवर रंग, रंगावर डोळे.

"आणि शंख?" आईनं विचारलं. "तिन्हीसांजेला शंख वाजतो न गं घरोघरी?"

त्याच क्षणी पैलतीरावरून लाँच सुटली. तिच्या भोंग्याचा एक लांब, घोगरा, एकाकी स्वर पाण्यावरून आला. शेफालीनं फोन नदीकडे धरला.

स्वर विरला, तेव्हा तिनं तो पुन्हा कानाला लावला.

"ऐकलं," आई म्हणाली. मग हसली. त्या हसण्यात विश्वास होता की माफी, शेफालीला कळेना. "पुरे आता. सगळं एकदम नको सांगू. पुरवून पुरवून ऐकीन. थंडी अख्खी यायची आहे अजून. पोरीला शाल घाल."

फोन मिटला. केशर ओसरलं. पाण्यावर राखी, मऊ, मायाळू काळोख पसरला आणि त्यानं सारं सारखं केलं: माळा, पिशव्या, पेंढा, आकाश. शेफालीनं पदर ओढून लेकीच्या पाठीवर घातला, तर मांडीवरून दोन टक्क उघडे डोळे तिच्याकडे बघत होते. त्यांत झोप नव्हती. त्यांत दिवे होते. एक, मग एक, मग एक.

"आई," जुई अगदी हळू म्हणाली, "तू आजीला सांगितलंस ते गाव किती छान आहे गं."

"हो, राणी."

"मग आपण तिथं का नाही गेलो?"

पाणी पायरीला लागत होतं, सुटत होतं. लागत होतं, सुटत होतं.