आभाळातला दगड आणि भामाबाईचं घमेलं

पिशोरच्या शिवारात भरदुपारी आभाळातून दगड पडला, तो नेमका पुंजाराम आणि सांडू यांच्या बांधावर. आपटून दोन तुकडे झाले. एक याच्या शेतात, एक त्याच्या. बांधावरून कित्येक वर्षं अबोला असलेल्या या दोघांची इतकी चोख वाटणी मोजणीवाल्यांनाही जमली नव्हती.

पुंजारामची मुलगी सुरेखा संभाजीनगरला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. तिनं फोनवर बजावलं, की दगडाला हात लावू नका. असल्या दगडांत कधी कधी जीवसृष्टीचा कच्चा माल सापडतो. जीव इथंच उपजला की त्याचं सामान वरून आलं, याचा थोडा माग त्यातून लागतो. स्वच्छ तुकडा आणलास तर तपासणीत तुलाच घेतो, असं तिचे सर म्हणाले होते. सुरेखाला त्या क्षणी जगात दुसरं काही नको होतं.

पुंजारामनं मुलीचा शब्द पाळला. हात लावला नाही. पळीनं तेल घातलं, काडीनं शेंदूर फासला, तांब्यानं दूध सोडलं आणि नारळ जरा लांबूनच फोडला.

दुसऱ्या दिवशी सुरेखा आली आणि तिनं शेंदूर फासलेला दगड बघितला. सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, आता या दगडात जीवन नक्की सापडेल, पण म्हशीचं.

"तुझ्याच नावानं केलं गं," पुंजाराम म्हणाला. "तुला यश यावं म्हणून."

यावर रागावता येत नाही, हीच बापांची अडचण.

उरला सांडूकडचा तुकडा. सुरेखा बांध ओलांडून गेली. सांडूची बायको भामाबाई आद्रकीच्या वाफ्याशेजारी उपड्या घमेल्यावर बसून लसूण सोलत होती. घर बौद्ध, तिथं दगड पुजत नाहीत. पण भामाबाईला शेजार ठाऊक होता. कुणी शेंदूर लावला, तर यंदा ओटा, पुढच्या साली मंडप आणि मग आपल्या आद्रकीत जत्रा. म्हणून दगड थंड झाल्यापासून त्यावर घमेलं होतं आणि घमेल्यावर आळीपाळीनं नवरा-बायको.

"हात लावला का, काकू?"

"कशाला लावू? त्याचं अजून काय ठरलं नाय."

तेवढ्यात आपल्या पाळीला आलेल्या सांडूनं सुरेखाकडून सगळं नीट समजून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे आपलं मूळ बाहेरचं निघंल?"

"निघालं तर सगळ्यांचंच, काका."

"तुझ्या बापाचंबी?"

"त्यांचंबी."

सांडूच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दगड न्यायला त्याची हरकत नव्हती. फक्त हे पुंजारामनं इथं येऊन ऐकावं आणि दगड स्वतः मागावा.

पुंजाराम बांधावर येऊन बराच वेळ आद्रकीचं पीक बघत उभा राहिला. शेवटी खाली उतरला. मूळ बाहेरचं असण्याबद्दल त्यानं निमूट ऐकलं, जमिनीकडे बघत म्हणाला, "सांडूभाऊ, पोरीला तुमचा दगड पाहिजे."

भामाबाई उठली. घमेलं निघालं. सुरेखानं फोटो पाठवला. सरांचं उत्तर आलं, की माती लागलीय ती चालेल, सोमवारी घेऊन ये, तपासायला तूच बसायचं आहे.

तिनं हातमोजे चढवून दगड उचलला आणि चंदेरी कागदात गुंडाळला. तोवर पुंजाराम आणि सांडू, आपला श्वास लागू नये म्हणून, एकमेकांना चिकटून दम रोखून उभे होते. तसं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.