सुटं नाव

"आत्ता हाय म्हणालास, आत्ता न्हाई म्हणतोस! एक काय ते धड सांग की रं बाबा!"

भरतेश चौगुले एवढ्या मोठ्यानं खेकसले, की काउंटरवरची राजेश्वरी दचकून मागं वळली. चौगुल्यांच्या खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. ते संगणकाशीच भांडत होते.

"काका, चहा सांगू?"

"चहा नको. ह्याला थोडं विष मिळतंय का बघ."

सांगलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात चौगुले 'सॉफ्टवेअर बघत'. लागले होते टायपिस्ट म्हणून. पुढं प्रिंटर अडला तरी चौगुले, इंटरनेट गेलं तरी चौगुले, साहेबांच्या नातवाच्या मोबाइलचा पासवर्ड विसरला तरी चौगुलेच. पन्नाशी उलटल्यावर गडी व्हिडिओ बघून बघून पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकला आणि दवाखान्याच्या कौटुंबिक कार्डांचा सगळा प्रोग्राम एकट्यानं उभा केला. कौतुक एक दिवस झालं. शिव्या मात्र रोज चालू होत्या.

आजची कटकट तानुबाईंची होती. बाई तासगावकडच्या. किडन्या गेलेल्या, त्यामुळं आठवड्यातून दोनदा एस.टी.नं येऊन डायलिसिस करून घ्यायच्या. सगळं कार्डावर, फुकट. आज सकाळी आल्या, कार्ड पुढं केलं आणि संगणकानं सांगितलं, 'नोंद सापडली नाही.' रोजच्या पाळ्यांची यादी कार्डांवरूनच निघते, तेव्हा यादीतही नाव नाही. सकाळची पाळी हुकली. दोन वाजता एक मशीन मोकळी होणार होती. तोवर नाव सापडलं तर बाई मशीनवर, नाहीतर ती पाळी दुसऱ्याला. बाकावर बसलेल्या तानुबाईंचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते आणि दोन वाक्यं बोलल्या की दम लागत होता.

आणि हा संगणक! एका पडद्यावर तानुबाई आहेत म्हणे, दुसऱ्यावर नाहीत.

त्याचं असं होतं. पायथॉनला सगळ्या नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसची भाषा येत नाही आणि डेटाबेसला पायथॉनची. मध्ये एक लायब्ररी, म्हणजे तयार दुभाषी प्रोग्राम, बसवावी लागते. चौगुले तिला अडत्या म्हणत. मार्केट यार्डात हळद शेतकऱ्याची, घेणारा व्यापारी, पण बोलणार अडत्या, तसंच हे. आपण पायथॉनात म्हणायचं, 'हिचा पत्ता बदल', आणि अडत्यानं आत जाऊन तो बदलून यायचं. अडत्या कामाचा, पण त्याच्या तऱ्हाच फार. 'कमिट' असं त्याला बजावल्याशिवाय तो काहीही पक्कं करायचा नाही. पडद्यावर सगळं झाल्यासारखं दिसायचं, माणूस खुशीत घरी जायचा, आणि सकाळी येऊन बघावं तर काहीच झालेलं नसायचं. नाहीतर एका बैठकीत, म्हणजे सेशनमध्ये, एकदा वाचलेलं डोक्यात धरून बसायचा. आतली नोंद कधीच बदललेली, हा आपला जुनंच वाचून दाखवतोय.

"जुनं सेशन उघडं ऱ्हायलंय. त्येच्यातलं दाखवतोय गाढव," चौगुले पुटपुटले. त्यांनी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. आता दोन्ही पडद्यांवर एकमत झालं. तानुबाई कुठंच नव्हत्या.

"चौगुले, सिच्युएशन काय हाय?" दारात लालासाहेब उभे. दवाखान्याचे व्यवस्थापक, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. अजूनही चालताना बुटांचा आवाज व्हायचा.

"शोधतोय, साहेब. पण बाईंना आज तसंच बसवा की. हातानं लिहून घेऊ."

"हातानं न्हाई. मागं एकाच्या कार्डावर दुसराच मशीनवर बसला, तवा बोलणी कुणी खाल्ली? मी. कंप्युटरात नाव न्हाई तर मशीन न्हाई. ऑर्डर हाय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आन् लेक काय म्हणती? कवा जाणार सासरी? वरीस झालं की."

"जाईल की. दिवाळी झाली की जाईल."

हे उत्तर चौगुल्यांनी गेल्या दिवाळीआधीही दिलं होतं. त्यांची ब्राह्मी आष्ट्याला दिलेली. गेल्या वर्षी एका बॅगेनिशी परत आली, 'आप्पा, मी आता जाणार नाही' म्हणाली, आणि एका शाळेत शिकवायलाही लागली. घरी चौगुले आणि त्यांची बायको शालन दोघंही लोकांना सांगत, माहेरपणाला आलीय, वेळ जात नाही म्हणून शाळेत जाते. लोक मान डोलावत आणि पुन्हा पुढच्या महिन्यात तेच विचारत. चौगुल्यांना या प्रश्नाचा वीट आला होता, पण उत्तर बदलायचं धाडस होत नव्हतं.

लालासाहेब गेले. राजेश्वरी म्हणाली, "काका, नवीनच नोंद करूया की बाईंची."

तेही केलं. अडत्या लगेच लाल अक्षरांत ओरडला. 'कुटुंब क्रमांक रिकामा चालणार नाही.' कुटुंबाशिवाय माणूस आत घ्यायचाच नाही, असं डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, लिहून ठेवलेलं.

"मावशी, तुमचं नाव कुणाच्या कार्डावर होतं?" चौगुल्यांनी खोलीतूनच विचारलं.

तानुबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. "दिराच्या. मालक गेल्यापास्नं त्येंच्याच कार्डावर व्हतं न्हवं का. काय झालं ओ दादा? बसत न्हाई व्हय माजं नाव?"

"बसतंय, बसतंय. तुमी खाली बसा आधी."

दिराचं कार्ड उघडलं. एका कार्डावर सहाच नावं बसतात. सहाही भरलेली. सहावं नाव नवं होतं, पुतण्याच्या बायकोचं.

राजेश्वरीचा चेहरा उतरला. "काका, बाईंचे दीर परवाच आले होते. सुनेचं नाव घालायचं म्हणाले, जागा नव्हती. तानुबाईंचं काढा म्हणाले. मी 'कुटुंबातून काढा' बटण दाबलं. पण मी नुसतं कुटुंबातनं काढलं ओ! मी काय मारलं न्हाई त्यांना!"

"तू न्हाई मारलंस. मग कुणी मारलं ते बघू."

बटण दाबल्यावर काय व्हायला हवं? नावापुढचा कुटुंब क्रमांक पुसला जाईल, किंवा अडत्या कुरकुरेल की रिकामं चालत नाही. माणूसच्या माणूस कसा जाईल? चौगुल्यांनी एक खोटं कुटुंब तयार केलं, त्यात एक खोटी बाई घातली. अडत्या आत जाऊन नेमकं काय बोलतो ते पडद्यावर छापून दाखवायची एक सोय असते, ती चालू केली. मग बटण दाबलं. दोन ओळी आल्या. दुसऱ्या ओळीचा पहिलाच शब्द होता, डिलीट.

"अरे तुझ्या! मी कवा सांगितलं तुला डिलीट कर म्हणून?"

सांगितलं होतं. प्रोग्राममध्ये कुटुंब आणि सदस्य यांचं नातं लिहिलेल्या ओळीत शेवटी दोन शब्द होते, 'डिलीट-ऑर्फन'. ऑर्फन म्हणजे अनाथ. ज्याला कुटुंब उरलं नाही, त्याची नोंद पुसून टाक. आता चौगुल्यांना सगळं आठवलं. प्रोग्राम नवा होता तेव्हा अख्खी कार्डं रद्द व्हायची आणि त्यातली नावं यादीत तशीच लोंबकळत राहायची. लालासाहेबांनी यादी टेबलावर आपटून फर्मावलं होतं, 'चौगुले, सुटं नाव एकबी दिसाय नको मला!' चौगुल्यांनी इंटरनेटवर शोधलं. कुणीतरी उत्तर दिलेलं, हे दोन शब्द घाला, प्रश्न मिटेल. घातले, प्रश्न मिटला, आणि त्या दिवशी ते खुशीत घरी गेले होते.

त्यांनी दोन्ही शब्द खोडले. कुटुंब क्रमांक रिकामा असला तरी चालेल, असा बदल टेबलात केला. तो करताना अडत्यानं आणखी तीन प्रकारे थयथयाट केला. वस्तू कुठल्याच सेशनला जोडलेली नाही म्हणाला, टेबल कुलूपबंद आहे म्हणाला, आणि एकदा काहीच न बोलता नुसता बसून राहिला. चौगुल्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. शेवटी गेल्या आठवड्याच्या बॅकअपमधून तानुबाईंची नोंद उचलून परत आत ठेवली, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दोनाकडं सरकलं होतं.

लालासाहेब पुन्हा दारात. "झालं?"

"झालं. नाव आलं. फक्त कुटुंबप्रमुखाचा रकाना रिकामा हाय."

"मग कसं झालं? प्रमुख कोण? कुणाच्या नावाखाली घालणार बाईला? आसं सुटं नाव मी सही करून वर पाठवणार न्हाई."

बाकावरून तानुबाईंचा आवाज आला. दम लागलेला, पण खणखणीत. "आवं सुभेदार, मी वस्तीवर एकली ऱ्हाती. चूल येगळी, दार येगळं. घरात दुसरं कोण? येक मांजर. आता त्येला प्रमुख करताय का मला?"

राजेश्वरीला हसू आवरेना. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "लिहा त्येंचंच," म्हणाले, आणि वर फोन करून सांगितलं, की मशीन धरून ठेवा, पेशंट येतोय.

चौगुल्यांनी प्रमुखाच्या रकान्यात तानुबाईंचंच नाव टाईप केलं. मग कमिट. पुन्हा शोधून बघितलं, प्रोग्राम बंद करून चालू करून परत शोधलं. नाव होतं. आयानं चाकाची खुर्ची आणली. जाताना तानुबाईंनी चौगुल्यांचा हात धरला. "पुढच्या बारीला परत जायाचं न्हाई न्हवं नाव?"

"न्हाई जायाचं. मी हाय की."

लिफ्टचं दार लागलं आणि चौगुल्यांच्या अंगातला ताण उतरला. त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला. "राजेश्वरी, ह्या बटणानं अजून किती जणांची वाट लावलीय ते बघाय पायजे. आठवतंय का, कुणाकुणाला काढलंस?"

राजेश्वरीनं पाचसहा नावं सांगितली. एक कवलापूरची आजी, एक घर सोडून गेलेला भाऊ, बाकी साऱ्या बायकाच, विधवा नाहीतर माहेरी आलेल्या. चौगुले जुन्या बॅकअपमधून एकेक नाव परत आणत गेले. मग ती थांबली.

"बास? एवढेच?"

"काका..." ती काउंटरवरचा स्टेपलर उगाच उघडझाप करू लागली. "ब्राह्मीताईंचं पण."

चौगुल्यांना आधी कळलंच नाही. "कोण ब्राह्मी?"

"आपल्या ब्राह्मीताई. आष्ट्याचे लोक आले होते. त्यांच्या थोरल्याला बाळ झालंय, त्याचं नाव घालायचं होतं. जागा नव्हती."

त्यांनी नाव टाईप केलं. नोंद सापडली नाही.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी सगळ्यांना दिवाळीनंतर जाणार म्हणून सांगत होता. मग मी कसं सांगू, काका?"

चौगुल्यांना संताप आला. आष्ट्याच्या माणसांचा आला, एक फोन करायची लाज वाटली त्यांना! पण महिन्याभराच्या बाळाच्या नावावर रागवायचं तरी कसं? आणि मग स्वतःचाच आला, आणि तो काही केल्या ओसरेना. त्यांच्या स्वतःच्या कार्डावर तीन जागा रिकाम्या होत्या. हातात रोज कीबोर्ड होता. तरी वर्षभर त्यांनी पोरीचं नाव ना इकडं घेतलं, ना तिकडं विचारलं. तिला काही झालं असतं आणि इथं आणली असती, तर याच काउंटरवर बापाच्याच प्रोग्रामनं सांगितलं असतं, असं कुणी नाही.

त्यांनी फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती. मागं पोरांचा गलका.

"ब्राह्मी, दवाखान्याचं कार्ड करतोय तुझं."

"माझं आष्ट्याचं होतं की, आप्पा."

"त्येच्यावर आता न्हाई."

"माहीत आहे मला. त्यांचा मेसेज आला होता."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला होता ना."

चौगुल्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. "माझ्या कार्डावर जागा हाय, तिथं घालतो. न्हाईतर तुझं येगळं. आजपासनं तसंबी होतंय."

"एकटीचं होतं?"

"होतं."

"मग माझं माझं करा, आप्पा." तिकडं घंटा झाली आणि तिनं फोन ठेवला.

चौगुले एका बोटानं सावकाश टाईप करत असताना लालासाहेब सह्यांचे कागद घेऊन आले. चष्मा वर करून त्यांनी पडदा वाचला. कुटुंबप्रमुख, ब्राह्मी भरतेश चौगुले. सदस्य, एक.

"दिवाळीनंतर जाणार व्हती न्हवं?"

"न्हाई जाणार, साहेब," चौगुले म्हणाले. "ती आता हितंच हाय." आणि त्यांनी कमिट केलं.

प्रिंटरमधून आलेलं कार्ड लालासाहेबांनी स्वतः उचललं, सही केली आणि राजेश्वरीकडं दिलं. तिनं ते लॅमिनेशनच्या मशीनमधून काढून काकांच्या हातात ठेवलं, तेव्हा ते अजून गरम होतं. चौगुल्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि गार झालेला डबा उघडून जेवायला बसले.