दादाचा कॅमेरा

दादाचं सगळं आता डोळ्यांवर आलं होतं. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. मध्येच अडकलेल्या लोकांना दाराच्या फटीतून विनोद सांगून धीर द्यायचा. तोच आता खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून पडलेला असायचा. वहिनी त्याच्यासमोर अक्षरांचा पुठ्ठा धरून एकेका अक्षरावर बोट ठेवत जायची. हवं ते अक्षर आलं की तो डोळे मिटायचा. एक शब्द जुळेस्तोवर दोघंही दमून जायची.

त्याची धाकटी बहीण एका कचेरीत संगणक सांभाळायची. अंगापिंडानं लहान, म्हणून दादानंच तिचं नाव बिट्टी ठेवलं होतं. तिनं कुठून तरी नजरेनं लिहायचा कॅमेरा मिळवला. पडद्याखाली बसवायची एक काळी पट्टी. बुबुळं कुठं वळतात ते ती ओळखते, ज्या अक्षराकडे बघाल ते उमटतं आणि संगणक ते बोलून दाखवतो. ज्या बाईंनी ती दिली, त्यांच्या नवऱ्याला तिची गरज उरली नव्हती. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. घरातल्या जुन्या संगणकाला ते काम झेपेना, म्हणून बिट्टीनं सुटे भाग आणले आणि दादाच्या पलंगाशेजारीच नवा जोडायला घेतला.

त्याच आठवड्यात डॉक्टर घरी येऊन गेले. बाहेरच्या खोलीत त्यांनी दोघींना बसवून घेतलं.

"श्वास कमी पडायला लागलाय," ते म्हणाले. "गळ्यातून नळी घालून यंत्रावर ठेवता येईल. पण ते कायमचं असेल. त्यांना नीट विचारा. त्यांचं उत्तर महत्त्वाचं."

वहिनी आत गेली. "अहो, नळी घालायची ना?" तिनं विचारलं. दादानं डोळे मिटले.

"हो म्हणाले," वहिनीनं बाहेर येऊन सांगितलं. दारातून बघणाऱ्या बिट्टीला ते मिटणं जरा लांबलेलं वाटलं. होकार होता, की थकवा? त्या दिवसापासून तिला घाई झाली.

आणि नेमका तेव्हाच संगणक हट्टाला पेटला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. याचा पहिलाही धड गेला नाही. ऑपरेटिंग सिस्टिम चढली, पण कॅमेऱ्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण. म्हणजे कॅमेरा जोडलेला आहे हे कळतंय, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम आत घ्यायला सिस्टिम तयार नाही. ड्रायव्हर जुना, सिस्टिम नवी. तिच्या सुरक्षेच्या नियमांत तो बसेना. बिट्टीनं तो नियम बंद केला. ड्रायव्हर चढला, त्रिकोण गेला, पडद्यावर दादाच्या डोळ्यांचे दोन ठिपके दिसले. वहिनी हात पुसत धावत आली. तेवढ्यात पडदा निळा झाला आणि संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

मग तेच होत राहिलं. बिट्टीनं ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. सिस्टिम पुसून आधीची, जुनी घातली. तरी निळा पडदा. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "कॅमेरा आमचा नाही, ताई. त्याचं आम्ही काय सांगणार?"

"तुझ्याच्यानं होत नसेल तर राहू दे," वहिनी म्हणाली. "उगाच त्यांच्या डोळ्यांना त्रास."

बिट्टीला रडू आलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. दादा तिच्याकडे बघत होता. मग त्यानं नजर पुठ्ठ्याकडे नेली. तिनं पुठ्ठा उचलला. बराच वेळ लागला, पण शब्द जुळले : 'एकेक काढ.'

लिफ्टवाल्याचा सल्ला. तिनं सगळं सोडवलं. कॅमेरा पार बाजूला ठेवून संगणक नुसताच चालू केला आणि वाट बघितली. कॅमेरा नसतानाही पडदा निळा झाला! ती इतके दिवस भलत्याच्याच मागे लागली होती. ड्रायव्हरचा एक आणि संगणकाचा एक, असे दोन रोग एकात एक मिसळले होते. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, तरी तेच. ती बसवून दुसरी काढली, आणि संगणक शांतपणे चालत राहिला. नवीकोरी पट्टीच सडकी निघाली होती. मग तिनं ड्रायव्हर पुन्हा चढवला.

रविवारी दुपारी दादानं पहिलं वाक्य लिहिलं. संगणकाचा आवाज कोरडा, सरकारी सूचना वाचल्यासारखा : "पाठ खाजते आहे."

वहिनी हसली, मग हसता हसताच रडायला लागली. तिनं हात घालून पाठ खाजवली.

"तिथे नाही. खाली. तुला कधीच जमलं नाही."

खूप दिवसांनी त्या खोलीत तिघंही हसली. दादाचं हसणं डोळ्यांतच होतं, पण दिसत होतं. त्यानंतर तो बराच वेळ एकेक अक्षर वेचत राहिला. दोघींना वाटलं, आणखी काही गंमत असेल.

"नळी नको."

वहिनीचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला. "अहो, तुम्ही हो म्हणाला होतात."

"डोळे मिटले होते. तुझा चेहरा बघवेना."

वहिनी ताडकन उठली. पण ती दादावर ओरडली नाही, बिट्टीकडे वळली. "कशाला बसवलंस हे? माझ्याकडे त्यांचा होकार होता! कशाला बसवलंस?"

बिट्टीलाही भाऊ हवाच होता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दादानं स्वतःच सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. नळी घातली नाही. नंतरच्या दिवसांत वहिनी बिट्टीशी कामापुरतं बोलायची. ती दादाजवळ बसली की दार लावून घ्यायची. बाहेर तो कोरडा आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. मध्येच वहिनीचं भांडण, मध्येच रडणं, आणि एकदा तर चक्क हसणं.

दादा एका सकाळी गेला. वहिनी त्याचे केस विंचरत होती. श्वास थांबलाय हे तिला भांग पाडून झाल्यावर कळलं.

लोक येऊन गेले, घर रिकामं झालं. बिट्टी संगणकाच्या तारा काढायला खोलीत गेली तेव्हा वहिनी पलंगावर बसून होती.

"राहू दे, इतक्यात नको," ती म्हणाली. मग उशी सारखी करत, "मला राग आहे अजून. त्यांचा. तुझाही."

"असू दे, वहिनी."

"बस जरा," वहिनी म्हणाली आणि पलंगावर थोडी सरकली.