अकराव्या भागाचे पाच वाटे

इंदिराबाईच्या मते भार्गव सरनाईक हा माणूस मुळातच खुळा होता. दहा पुस्तकं झाली, गडी रक्तपिपासूंच्या मागे रानोमाळ हिंडतोय, पण एकदाही कुणाच्या घरी पोटभर जेवत नाही. असल्या माणसाच्या अंगात भुतं मारायची ताकद येणार कुठून? पण तिचा नवरा डोमा याचा भार्गववर भारी जीव, आणि डोमाच्या तोंडून ऐकून ऐकून मासेमारी करणाऱ्या साऱ्या ढिवर मोहल्ल्याचाही जडलेला.

भार्गवच्या 'रक्तमाग' मालिकेचा नवा भाग निघाला की डोमाचा भाचा हेमराज तो घेऊन यायचा. तो बल्लारपूरला कामाला. ड्यूटी संपली की चंद्रपुरात पुस्तक घ्यायचं आणि नागभीडची गाडी पकडायची, असा त्याचा शिरस्ता. मग दुपारी तलावाच्या बांधावर, पाळीवर सगळे जाळी दुरुस्त करत बसत आणि डोमा मोठ्यानं वाची. तरुणपणी त्यानं झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक गाजवलेले. रक्तपिपासू बोलायला लागला की बायका पदर गळ्याभोवती गुंडाळून घेत. "इथी कायले येईल तो," म्हातारा वारलू म्हणे, "आपल्या इथी लसणाशिवाय मासा शिजत नाई." पण असं म्हणताना त्याचीही मान खांद्यात गेलेली असे.

मागच्या दिवाळीनंतर डोमाला लकवा मारून गेला. पाय सावरले, उजवा हात मात्र लुळा राहिला आणि जीभ जड झाली. बोलत राहा, बोलाल तितकी जीभ सुटेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. डोमानं नेमकं उलटं केलं. एकदा दुकानात त्यानं तंबाखू मागितला, शब्द धड निघेना, आणि गिऱ्हाइकांतलं कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप लावलं. बाहेर तर नाहीच, घरातही नाही. इंदिराबाईनं चाळीस वर्षं ज्या आवाजाच्या नावानं बोटं मोडली, त्या आवाजासाठी आता तिचा जीव तुटत होता. भाजीत मुद्दाम मीठ कमी टाकून पाहिलं, तर हा बाबा खाली मान घालून मुकाट जेवला. त्या दिवशी ती खरोखर घाबरली. बोलणं कायमचं गेलं तर माणूसही हळूहळू जाईल, असं तिच्या मनानं घेतलं.

अशात अकरावा भाग आला. आता वाचणार कोण? हेमराजनं पाळीवर बसून दोन पानं वाचली. स्टेशनावर गाडी उशिरा येत असल्याचं सांगतात तसं वाचलं. रक्तपिपासू दारात उभा आणि ऐकणारे जांभया देतात. शेवटी शेजारची कमळा वैतागून म्हणाली, "बस कर बाप्पा. वाटे घाला त्याचे. ज्यानं त्यानं आपापल्या घरी वाचावं."

कमळा बोलली आणि सगळ्यांना ते पटलंही, कारण तलावातले मासे असेच वाटले जातात. धरलेल्या मासळीचे सारखे ढीग घालायचे, एकानं पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्यानं एकेका ढिगावर बोट ठेवून "हा कोनाचा?" विचारायचं. पाठमोरा माणूस ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. जो आजारी आहे, पाण्यात उतरला नाही, त्याचाही वाटा निघतो आणि घरपोच जातो. आणि एकदा दिलेला वाटा कुणी परत मागत नाही, मागितला तर गावभर नाक कापलं जातं. हेमराजनं पुस्तकाची शिवण हलक्या हातानं उसवली आणि पाच ढीग घातले. कमळा पाठ फिरवून उभी राहिली. पहिला हेमराजचा, दुसरा मोहल्ल्यातल्याच पोरीचा, आचलचा, मग वारलूभाऊ, मग ती स्वतः. शेवटचा ढीग डोमाभाऊचा.

मासा शेपटीकडून खाल्ला तरी पोट भरतं, गोष्टीचं तसं नसतं, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. चौघांनी आपापले वाटे वाचले, आपसांत बदलले, आणि मग लक्षात आलं की शेवट डोमाच्या उशाखाली आहे. मागायची सोय नाही. मग काय, रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून मंडळी डोमाच्या अंगणात येऊन बसू लागली. पुस्तकाला शिव्या घालायच्या, डोळे मात्र बाजेवरच्या डोमाकडे. इंदिराबाईला सगळं समजत होतं, पण घरात माणसांचा आवाज येतोय म्हणून ती गप्प राहून चहा टाकायची.

"ह्या भागात दमच नाई," एके दिवशी आचल म्हणाली. ती नागभीडला कॉलेजात शिकत होती, म्हणून तिच्या मताला जरा वजन. "अर्धं पुस्तक झालं तरी एक रक्तपिपासू मरत नाई. आधी कसा दर प्रकरणाले एक पडे."

"अन् ते बाई कायले घातली मंधात?" कमळानं विचारलं. "भार्गव तिच्या हातचा चहा पेते, अन् ते रक्तपिपासू आहे हे आपल्याले कळते, त्याले नाई कळत. इतका येडा होता काय तो?"

"चहा तरी पेला," इंदिराबाई आतून म्हणाली.

वारलूच्या वाट्याला मधला भाग आला होता. त्या भागात ती बाई भार्गवला चावते आणि त्याचा उजवा हात कायमचा मरतो. वारलू तोंडातली सुपारी बाजूला सारून म्हणाला, "माहा तर मनच उतरून गेला. शिकारी म्हनजे हात. हात गेल्यावर काय कामाचा तो? लेखकानं त्याले मारून टाकाले पाह्यजे होता. चांगल्या मानसाले असा घरी बसवून नाई ठेवत."

बोलला आणि त्याची जीभ दाताखाली गेली. हेमराज स्वतःच्या चपलेकडे बघू लागला. बाजेवर डोमा, मांडीवर तो उजवा हात, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. इंदिराबाई दारात आली, तिच्या हातात चहाची गाळणी तशीच होती. "झाला तुमचा वाचून?" ती म्हणाली. "आता उठा. माह्या घरी येऊन असं बोलाले लाज नाई वाटत?"

"बाई, माह्या मनात तसं काई..." वारलूचे डोळे भरून आले. डोमाचा तो लहानपणापासूनचा सोबती.

तेवढ्यात डोमा उठला आणि भिंतीला धरून आत गेला. झालं, आता हा माणूस कधीच बाहेर येऊन बसणार नाही, असं इंदिराबाईला वाटलं. मंडळी उठलीच होती. पण डोमा परत आला. डाव्या हातात पानांचा गठ्ठा होता. तो त्यानं वारलूच्या पुढ्यात आपटला, बाजेवर बसला आणि तोंड उघडलं.

"भं... गार," तो म्हणाला.

वारलूनं गठ्ठा उचलला.

"शेवट वाचला मी. भार्गव हार मानते. आपल्या शिष्याले म्हनते, तू जाय, माहं झालं. अन् घरी जाते." एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, त्यानं ती पुसली नाही. "लेखक थकला. भार्गव नाई थकला."

वारलूनं नाक पुसलं. आता दुसरा कुणी असता तर त्यानं हो ला हो केलं असतं. वारलू भांडला. "मंग काय करन तो? एका हातानं रक्तपिपासूच्या छातीवर खुंटा धरन का हातोडा मारन?"

"जाळं कसा फेकतो तू?"

"दोनी हातानं."

"अन् काठ?"

फेकजाळं टाकताना त्याचा काठ दातात धरावा लागतो, हे वारलूला कुणी सांगायला नको होतं.

"दात काय एकट्या रक्तपिपासूलेच आहेत?" डोमा म्हणाला.

आधी आचल हसली, मग कमळा, मग सगळेच. दुकानातल्यासारखं ते हसणं नव्हतं. डोमानं सगळ्यांकडे एकदा रोखून पाहिलं, आणि मग त्याचाही वाकडा ओठ हलला.

"मंग सांगा ना मामा," हेमराज खाली बसत म्हणाला. "कसा व्हाले पाह्यजे होता शेवट?"

डोमानं डावा हात वर केला, स्टेजवर करायचा तसा. भार्गव एका हातानं दार ढकलतो, म्हणाला. आत ती बाई. दिवा विझलेला. शब्द अडत होते, अडले की तो तिथंच थांबे, आणि कुणी त्याच्या जागी शब्द पुरवत नव्हतं. थांबत होते सगळे.

इंदिराबाई आत चुलीपाशी आली. गाळणी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून रडली, कितीतरी दिवसांचं रडणं तिनं एकदम रडून घेतलं. मग पदरानं तोंड पुसलं. बाहेर भार्गवनं काहीतरी केलं होतं, कारण कमळा "अगं माय!" म्हणून ओरडली होती, आणि ते काय हे इंदिराबाईला काही कळलं नव्हतं.

"अवो," ती आतून खेकसली, "जोरानं बोला ना जरा! मले इथी काईच ऐकू नाई येऊन राह्यलं!"