आधी माझा आवाज बंद करा

मंगळवारी दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी मी वाजलो आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मी ज्युलीचा मोबाइल बोलतोय.

आधी मी तिच्या दिराचा, आल्बर्टचा होतो. त्याने नवा घेतला आणि मी वसईच्या पाचूबंदरला तिच्या घरी आलो. ज्युली मासे विकते. माझ्या काचेवर कायम एखादं खवलं चिकटलेलं असतं, कोपऱ्याला तडा आहे. पण आवाज माझा खणखणीत! त्याचा मला भारी तोरा होता.

ज्युली मासा घेताना कल्ला उचलून आत बघते. लाल, म्हणजे ताजा असला तरच पाटीत टाकते. माणसांच्या गोड बोलण्याचाही ती असाच कल्ला उचलते. तिच्याजवळ राहून मीही संशयी झालो. होणार नाही तर काय? माझ्यातून रोज कोणाला लॉटरी लागते, रोज कोणाची वीज कापली जाते!

त्या दिवशी फोन होता गोखिवऱ्याच्या क्लासमधून, विनया मॅडमचा. ज्युलीची मुलगी सॅन्ड्रा त्या क्लासचे धडे घरीच माझ्यावर बघते. तिला फार कमी ऐकू येतं. कानात मशीन आहे, तरी समोरच्याचे ओठ दिसले तरच तिला बोलणं कळतं.

"आम्ही आमचं इंटरनेटवरचं पान आता सगळ्या मुलांसाठी करतोय," मॅडम म्हणाल्या. "सॅन्ड्राचा एक फोटो पाठवा ना. कानातलं मशीन दिसेल असा."

"मशीन कशाला दिसायला पायजे?"

"लोकांना कळेल ना, इथे सगळ्यांना जागा आहे."

"बघते," म्हणून ज्युलीने फोन ठेवला. मग क्लासचं पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत नवीनच लिहिलं होतं, 'इथे प्रत्येक मूल शिकतं.' शेजारी सॅन्ड्राचा गणिताचा पेपर पडला होता. चाळीसपैकी नऊ.

"प्रत्येक मूल म्हने!" ज्युली पुटपुटली.

रविवारीच सॅन्ड्रा म्हणाली होती, "मम्मी, मला गणित नाय जमत. क्लास नको, शाळापन नको." ज्युलीची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती आणि सॅन्ड्रा आता सातवीतच होती.

संध्याकाळी सॅन्ड्रा धडा बघायला बसली, तशी ज्युली तिला खेटून बसली. क्लासचे गणिताचे श्रीरंग सर फळ्यावर लिहिता लिहिता बोलत होते. मी मोठ्याने शिकवत होतो. ज्युलीने पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम माझा आवाज बंद केला. मला रागच आला. माझी एवढीच तर ऐट!

आता दोघींच्या समोर नुसती एक पाठ होती. चौकडीचा शर्ट हलत होता.

ज्युलीने सॅन्ड्राची हनुवटी आपल्याकडे वळवली. "तुला असंच दिसतं?"

"हो. चौकडीचा शर्ट असला की भागाकार. निळा असला की भूमिती."

ज्युली हसली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून मासळीची पाटी लवकर उचलून ती मला घेऊन गोखिवऱ्याला गेली.

"या ताई, फोटो आणलात?" सरांनी विचारलं.

"फोटो मागनं. आधी हे बघा." तिने सरांचाच धडा लावून मला त्यांच्या हातात दिलं.

"आवाज येत नाहीये."

"तसाच बघा. मग मला सांगा काय शिकवलं."

सर बघत राहिले. मागून विनया मॅडम वाकल्या आणि त्यांना हसू आवरेना. "सर, तुमची पाठच दिसतेय हो नुसती!"

सर हसले नाहीत. "इतकी वर्षं शिकवतोय, हे लक्षातच आलं नाही," ते हळूच म्हणाले.

"पोरीला वाटतं ती मठ्ठ हाय," ज्युली म्हणाली. "मशीन मिरवायला नाय क्लास लावला, सर. शिकायला लावलाय."

सर म्हणाले, सगळे धडे बदलतो. ज्युलीने मान हलवली, पण या बोलण्याचा कल्ला काही तिने अजून बघितला नव्हता. बदलतो म्हणणारे तिने ढीग पाहिलेत.

पंधरा दिवसांनी नवा धडा आला. सर आधी गप्प राहून लिहायचे, मग तोंड इकडे करून बोलायचे. खाली प्रत्येक वाक्य लिहून येत होतं. ज्युलीने तो माझा आवाज बंद करूनच तपासला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. एकदा सॅन्ड्राने सरांना माझ्यावरून लिहून पाठवलं, 'सर, खालच्या ओळीत सहा हवेत, तुम्ही नऊ लिहिलेत.' सरांचं उत्तर आलं, 'शाबास.' ते वाचून ज्युली डोळे पुसत बसली. शाळा नको, हे सॅन्ड्रा त्यानंतर बोललेली नाही.

मॅडमना हवा तसा फोटो माझ्यात काढून ठेवलाय. ज्युलीने अजून पाठवलेला नाही. तो पाठवायचा की नाही, हे सॅन्ड्रा सांगणार आहे.

मागच्या आठवड्यात मी पाटीतल्या बर्फाच्या पाण्यात पडलो. जीव वाचला, आवाज गेला. वाटलं, आता कपाटात. पण सहा वाजता सॅन्ड्राने मला पुसलं, धडा लावला आणि वही उघडली. माझा आवाज गेलाय हे तिला कळलंसुद्धा नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

'दहा जणांना पाठवा' असल्या निरोपांवर मी कधी विश्वास ठेवला नाही. पण एवढं मात्र पुढे सांगा. कोणी म्हणालं, आमच्याकडे प्रत्येक मूल शिकतं, तर फोटो देण्याआधी त्याचा धडा आवाज बंद करून बघा. आणि ज्या आईला हे माहीत नसेल, तिला सांगा.