बेकरीच्या वळणावरची टाचणी

ओठांत दोन टाचण्या धरून नकाशाकाकू स्टुलावर चढल्या आणि त्यांनी पुलाच्या तोंडाशी एक निळी टाचणी टोचली. निळी म्हणजे नुसतं गाड्यांचं नुकसान. जखमी माणसाला पिवळी, गेलेल्याला लाल.

"काकू, पडाल हं. मग तुमची पिवळी टोचायला कोण चढणार?" टायपिस्ट खालून म्हणाला.

"तू चढ. तेवढंच तुझं पोट हलेल," काकू टाचण्या न सोडता म्हणाल्या.

शहरातले अपघात आता सगळे कॉम्प्युटरवर नोंदले जात. भिंतभर पसरलेल्या त्या नकाशाची कुणालाच गरज उरली नव्हती, पण तो उतरवा असं काकूंना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा नकाशाच्या कडांना नुसती मोकळी माळरानं होती. मग रस्ते आले, वस्त्या आल्या, आणि त्यांच्यामागोमाग टाचण्याही कडेकडेने सरकत गेल्या.

संध्याकाळी सगळे गेले की काकू पिशवी खांद्याला लावून नकाशासमोर थांबत. बेकरीच्या वळणावर एक पिवळी टाचणी होती. कुणाच्या शर्टाची गुंडी नीट करावी तशी ती दोन बोटांत धरून त्या हलकेच फिरवत.

"येते हं," म्हणत, आणि निघत.

घरी कुलूप काढताना आतून कुणी "आलीस का?" म्हणत नसे. अर्धाच पाव आणला तरी त्यातला निम्मा शिळा व्हायचा. रेडिओवरच्या बातम्या यजमानांची खुर्ची होती तिथूनच नीट ऐकू यायच्या, म्हणून काकू जेवणाचं ताट घेऊन तिथं बसत. पण खुर्चीवर नाही, शेजारी जमिनीवर.

यजमानांचा अपघात झाला तेव्हा बेकरीच्या वळणावरची ती टाचणी काकूंनीच टोचली होती. नियम होता: महिन्याच्या आत माणूस गेला तर मृत, नाहीतर जखमी. पायाचं हाड मोडलं म्हणून ते हॉस्पिटलात राहिले, घरी आले, अंथरुणातून काही उठले नाहीत. गेले तेव्हा महिना उलटून गेला होता. ऑफिसात सगळ्यांनी आजारपणच धरलं. टाचणी पिवळीच राहिली, आणि काकूंनी ती राहू दिली.

पुलाची निळी टोचली त्या दिवशी दुपारी नवी इंजिनियर कागद घेऊन आली. पोरगी चटपटीत होती, काकूंची मुलगी शोभावी अशा वयाची.

"बेकरीचं वळण यंदाही राहिलं बघा, काकू. एक लाल कमी पडली. सिग्नल मागितला तर वरचे म्हणतात, आकडा पुरा करून आणा. आता काय, जाऊन कुणाला ढकलू?"

"तुझी तयारी दिसते," टायपिस्ट म्हणाला. कुणी हसलं नाही.

"बरं, हे नवं पत्रक आलंय. अपघाताच्या दुखण्यानंच माणूस गेला असेल, तर कितीही उशिरा गेला तरी तो मृतांत धरायचा. मागच्या केसेसही दुरुस्त करायच्यात. तुमच्या कुणी लक्षात आहे का, काकू?"

काकू टाचण्यांच्या डबीत रंग वेगळे करत होत्या. एक निळी त्यांनी लालमध्ये टाकली, परत उचलली.

"बघते आठवून," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या नकाशासमोर थांबल्या नाहीत. तडक निघाल्या आणि त्या अपघातानंतर प्रथमच बेकरीच्या वळणाला गेल्या. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवरून खाली उतरत होते, गाडी आली की पुन्हा वर चढत होते. काकूंनी त्यांचा दंड धरला.

"थांबा जरा. ती लाल गाडी जाऊ दे."

"रोजचंच आहे हो," म्हातारे म्हणाले. "मला कसली घाई? पण उशीर झाला की आमची बायको दारात येऊन उभी राहते. गुडघे धरलेत तिचे, तरी उभी राहते."

पलीकडे पोचल्यावर काकूंनी त्यांचा दंड सोडला. ते दिसेनासे होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

सकाळी इंजिनियर येते न येते तोच काकू म्हणाल्या, "बेकरीच्या वळणावरची पिवळी. ती लाल करायची. महिना उलटल्यावर घरीच गेले. हॉस्पिटलचे कागद मी आणलेत."

"ओळखीतले होते का कुणी?"

"हो."

काकूंनी पिवळी टाचणी काढली. ती ओढावी लागली नाही, नुसती हातात आली. तिथं लाल टोचली, तर ती घरंगळून खाली पडली. दुसऱ्यांदाही पडली.

इंजिनियरने ती उचलून दिली. "भोक सैल झालंय. बाकी सगळ्या तर घट्ट आहेत, हीच कशी? जरा बाजूला टोचा ना, काकू. केसभरानं काय बिघडतंय?"

"बाजूला नको." काकूंचा आवाज नेहमीसारखाच होता. "पाव घेऊन पायरी उतरले होते नुकतेच. इथंच होते ते."

टायपिस्टचे हात टाइप करता करता थांबले. इंजिनियरने काकूंकडे पाहिलं, मग त्या भोकाकडे. मग तिने पत्रकाचा कोपरा फाडला, त्याची बारीक सुरळी केली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती भोकात सारली आणि तिच्यात लाल टाचणी अंगठ्याने दाबून बसवली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर काकूंनी पिशवी खांद्याला लावली. नकाशासमोरून जाताना हात सवयीने वर गेला. दोन बोटांत धरून त्यांनी टाचणी फिरवून पाहिली.

चांगली घट्ट बसली होती. फिरेना.