कपाचा कान

आमच्या घरी आलेला माणूस कॉफी सांडल्याशिवाय जात नाही. त्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो. आमच्या कपाचा कानच असला चिमुकला, की बोट आत शिरत नाही. मग तो कान चिमटीत धरायचा, कप म्हणजे नाकापेक्षा मोती जड, तो कलंडणार, आणि सावरायला जावं तर बोटं गरम कपाला चिकटून भाजणार. आणि हे ध्यान घडवलं कोणी? आमच्या ह्यांनी.

हे कपबशांच्या कारखान्यात होते, नमुने आखायचे. माती भट्टीत आकसते, म्हणून साचा हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठा करायचा, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. ह्यांना स्वतःचा म्हणून एक कप आखायला मिळाला. अख्ख्या कपाला ह्यांनी नीट वाढ दिली, आणि कान मात्र आपल्याच बोटाचं माप घेऊन जसाच्या तसा आखला. हौसेच्या भरात कानाला वाढ द्यायची राहिली. साहेबांनी नमुना रिकामाच उचलून पाहिला आणि मान डोलावली. त्यात कॉफी ओतून बघायचं कोणालाही सुचलं नाही. दुकानांतून सगळा माल परत आला, तेव्हा कारखान्याने तो कामगारांच्याच गळ्यात मारला. बाकीच्यांनी वाटून टाकला, आमच्याकडे कपाटं भरली. पुढे निवृत्त होईपर्यंत हे दुसऱ्यांच्या कपांवर नक्षी आखत राहिले. स्वतःचा कप ह्यांच्या हाती पुन्हा कोणी दिला नाही.

बरं, चुकलं म्हणून मोकळं व्हावं की नाही माणसाने? छे. पडलो तरी नाक वर. कप बरोबर आहे, लोकांना धरता येत नाही, हे ह्यांचं पालुपद. कप भिकार आहे, हे माझं. रोज सकाळी कॉफीबरोबर आमचं हे भांडण व्हायचंच. लेक म्हणायची, तुमच्या घरात घड्याळाची गरज नाही. ह्यांना एकदा, फक्त एकदा माझ्या तोंडून ऐकायचं होतं की कप चांगला आहे. मी कशाला म्हणतेय? बोटं माझी भाजत होती.

मग ह्यांचं अन्न तुटलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मला आणि लेकीला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, आता औषधांचा छळ नको, घरी न्या, मागतील ते द्या. लेक भिंतीला टेकून रडली. तोंड धुऊन आली आणि माझा दंड धरून म्हणाली, "आई, बाबांना यातलं काही कळता कामा नये. तू गोड वागायला लागलीस तर ते लगेच ओळखतील. नेहमीसारखी भांडत राहा."

हे सोपं काम वाटलं होतं मला. भांडण काय, माझ्या हातचा मळ. पण भांडायला आधी राग यावा लागतो, तो आणू कुठून? तरी करायची. ह्यांची उशी सरळ करता करता टॉवेलवरून तोंड सोडायची आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. हे मात्र खूश असायचे. शेजारच्या मास्तरांना सांगायचे, हिचा पट्टा चालू आहे तोवर मला काही धाड भरत नाही.

एका सकाळी लेक कामावर गेली होती. हे खिडकीशी खुर्चीत बसले होते. हातात बळ नाही म्हणून मी कॉफी हलक्या पेल्यात आणली, तर रुसून बसले. म्हणाले, माझा कप आण. आणला. अर्धाच भरला. ह्यांनी कानात बोट घातलं आणि ते सरळ आत गेलं, पार मुळापर्यंत. कप उचलला, घोट घेतला, थेंब सांडला नाही.

"बघ," ह्यांनी म्हटलं. "बसतंय की नाही बोट?"

मी बोटाकडे पाहिलं. बोट कसलं, हाड आणि त्यावर कातडी. हे माझ्याकडे बघत थांबले होते, कारण आता बोलायची पाळी माझी होती. कप तसाच आहे हो, तुमचं बोट वाळलंय, हे उत्तर जिभेच्या टोकावर होतं. दुसरं कुठलंही भांडण असतं तर मी निभावलं असतं. हे कसं म्हणू? जीव एवढा तुटला माझा, की लेकीने बजावलेलं सगळं विसरले.

"चांगला आहे हो कप," मी म्हणाले. "मलाच धरता येत नव्हता."

ह्यांचा चेहरा असा उजळला, की लग्नानंतर इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. क्षणभरच. मग ते हसू हळूहळू उतरलं. ह्यांनी कप जपून बशीत ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"किती दिवस म्हणाली गं डॉक्टरीण?"